खाली नदी नसलेले पूल

नागपूरहून जबलपूरच्या दिशेने निघालात की तासाभरात मनसर मागे पडतं. उजवीकडे रामटेकचा फाटा जातो, मग देवलापार, मग खवासा, आणि महाराष्ट्र संपतो. रस्ता चौपदरी आणि चांगला आहे. या टप्प्यात गाडी मधूनमधून पुलावर चढते. आपण सवयीने खिडकीतून खाली बघतो, कुठली नदी आली ते पाहायला. काही ठिकाणी खाली एखादा नाला दिसतो, काही ठिकाणी तोही नसतो. नुसतं जंगल असतं. पूल मात्र लवकर संपत नाही. यातला सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा आहे, म्हणजे ताशी शंभरच्या वेगानेही तो पार करायला जवळपास अर्धं मिनिट लागतं.

पाणी नसलेल्या जागेवर पाऊण किलोमीटरचा पूल कोण बांधेल?

हे पूल आपल्यासाठी नाहीत. आपण वरून जायचं आणि खालची जागा मोकळी सोडायची, एवढाच त्यांचा हेतू. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने या पुलांखाली ७८ कॅमेरे लावले होते. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो निघणारे हे कॅमेरे, ज्यांना जंगलखात्यात सरळ ‘कॅमेरा ट्रॅप’च म्हणतात. दहा महिन्यांत पाच हजारांहून जास्त फोटो निघाले. त्यात १८ प्रकारचे वन्यप्राणी होते. अंगावरच्या पट्ट्यांवरून ११ वेगवेगळे वाघ ओळखता आले आणि ते एकूण ८९ वेळा पुलाखालून गेल्याची नोंद झाली.

वर ट्रक, खाली वाघ. असे फोटो आता मोबाइलवर फिरून फिरून आपल्या ओळखीचे झालेत. पण हे पूल कुणाच्या चांगुलपणातून आपोआप उगवलेले नाहीत. त्यामागे दोनशे वर्षांचा एक रस्ता आहे, काही वर्षांचं एक भांडण आहे, आणि जगात दुसरीकडे आधी झालेल्या चुका आहेत.

रस्ता जुना, वेग नवा

हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग व्हायच्या कितीतरी आधीपासून वाहता आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी नागपूरशेजारी कामठीची छावणी वसवली. गंगेकाठच्या मिर्झापूरपासून जबलपूर, सिवनी आणि नागपूर करत दक्षिणेकडे जाणारी वाट तेव्हा फौजांची आणि व्यापाऱ्यांची होती. पुढे इंग्रजी कागदपत्रांत तिला ‘ग्रेट डेक्कन रोड’ असं भारदस्त नाव मिळालं. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली आणि लांबच्या मालवाहतुकीचा मोठा भाग रुळांवर गेला. रस्ता राहिला बैलगाड्या, टपाल आणि बाजारहाटापुरता.

त्या काळी या टापूची ख्याती रस्त्यासाठी नव्हती, जंगलासाठी होती. रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये सिवनीवर आणि सातपुड्यातल्या मुक्कामांवर एक पुस्तक लिहिलं. १८९४ मध्ये रडयार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ आलं. मोगलीला वाढवणारा लांडग्यांचा कळप याच सिवनीच्या डोंगरांतला. म्हणजे ज्या जंगलाची गोष्ट जगभरच्या मुलांनी वाचली, त्याच्या अंगणातूनच हा रस्ता जातो.

बैलगाडीच्या काळात रस्ता आणि जंगल यांचं भांडण होण्यासारखं फारसं काही नव्हतं. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा. रात्री गाडीवान थांबायचा, शेकोटी करायचा. रस्त्यावरचा हक्क सूर्य मावळला की आपोआप बदलायचा. मोटारी आल्या तरी बराच काळ रहदारी तुरळक होती. वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ हा २३०० किलोमीटरहून लांब, देशातला सर्वांत लांब महामार्ग. पण पेंचच्या जंगलातून जाताना तो दोन पदरी, अरुंद, झाडांच्या सावलीतला रस्ता होता. चितळ थबकायचं, मोकळीक मिळाली की पळायचं.

फरक पडला तो रहदारीने. रात्री मालवाहतूक वाढली. दोन ट्रकांमधलं अंतर कमी होत गेलं. रस्ता ओलांडणाऱ्या जनावराला जेवढी फट लागते, तेवढी फट मिळेनाशी झाली. मग १९९८ पासून आखल्या गेलेल्या राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पात श्रीनगर ते कन्याकुमारी अशी उत्तर-दक्षिण मार्गिका ठरली आणि तिचा एक तुकडा सिवनी ते नागपूर असा याच जंगलातून जाणार होता. २०१० मध्ये रस्त्यांचे क्रमांक बदलले आणि जुना सात नंबर इथे चव्वेचाळीस झाला. नकाशावर फक्त आकडा बदलला. जमिनीवर दोन पदरांचे चार पदर होणार होते, मध्ये दुभाजक येणार होता आणि वेग दुप्पट होणार होता.

वाघ रस्ता ओलांडतोच कशाला?

हा प्रश्न बऱ्याच लोकांच्या मनात येतो. एवढं मोठं जंगल पडलंय, तिथेच राहायला काय झालं?

राहता येत नाही. नर वाघ दीड-दोन वर्षांचा झाला की त्याला आईचं क्षेत्र सोडावं लागतं. चांगल्या जागा आधीच दुसऱ्या नरांनी घेतलेल्या असतात. मग तो निघतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणात भटकत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतं, नाले, गावांच्या कडा, महामार्ग, सगळं ओलांडत. त्याच्या एकूण भटकंतीचा हिशोब पुढे तीन हजार किलोमीटरच्या वर गेला. लोकांनी त्याचं नावच ‘वॉकर’ ठेवलं.

पेंच हे काही एकटं जंगल नाही. मध्य प्रदेशातलं पेंच १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, महाराष्ट्रातलं १९९९ मध्ये. पूर्वेला कान्हा आहे, आणि पेंच आणि कान्हा यांच्यामध्ये वनखात्याची, गावांची, शेतांची सरमिसळ असलेली तुकड्या-तुकड्यांची जंगलं. याला अभ्यासक ‘कॉरिडॉर’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रं ‘भ्रमणमार्ग’. नावावरून वाटतं तसा हा आखलेला मार्ग नसतो. जिथून जनावराला लपतछपत जाता येतं ती सगळी जमीन म्हणजे कॉरिडॉर.

२०१३ मध्ये सातपुडा-मैकल पट्ट्यातल्या वाघांच्या डीएनएचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विष्ठेतून मिळालेल्या डीएनएवरून संशोधकांनी पाहिलं की वेगवेगळ्या व्याघ्र प्रकल्पांतले वाघ एकमेकांशी किती नात्यात आहेत. जिथे मधली जंगलं टिकली होती तिथे नातं टिकलं होतं. म्हणजे या वाघांचं एक मोठं, विखुरलेलं कुटुंब आहे आणि ते जोडलेलं राहण्यासाठी दर पिढीत काही वाघांनी एका जंगलातून दुसऱ्यात जाणं गरजेचं आहे. ते थांबलं तर प्रत्येक जंगल एक बेट होतं. बेटावर आधी जवळच्या नात्यात पिल्लं होतात, आणि मग एखादा रोग किंवा एखादं वाईट वर्ष पुरतं.

कायद्यालाही हे उशिरा कळलं. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याचा भर अभयारण्यांवर आणि राष्ट्रीय उद्यानांवर, म्हणजे कुंपणाच्या आतल्या जागेवर होता. २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण तयार झालं, आणि एका व्याघ्र प्रकल्पाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या जमिनीचा भलत्याच कामासाठी वापर होऊ नये हे पाहणं त्याच्या कामात आलं. मधल्या जमिनीला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली. दोनच वर्षांनी या महामार्गाचं प्रकरण उभं राहिलं.

दुसऱ्यांनी आधी काय केलं होतं

रस्त्याच्या आड जनावरांसाठी वाट ठेवण्याची कल्पना भारतात यायच्या आधी युरोप-अमेरिकेत काही दशकं रुळली होती. सुरुवात फ्रान्समध्ये झाली असं साधारण मानलं जातं. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे नवे महामार्ग जंगलं कापत गेले, हरणांची ये-जा तुटली. तेव्हा त्यांच्यासाठी पूल मागणाऱ्यांत शिकारी पुढे होते. त्यांना शिकारीसाठी हरणं टिकायला हवी होती! भूतदयेचा संबंध थोडाच होता.

नेदरलँड्ससारख्या दाटीवाटीच्या देशाने हे काम पुढे नेलं. १९८८ मध्ये वेलुवे नावाच्या जंगलपट्ट्यात महामार्गावरून मातीने झाकलेला, झाडं लावलेला पूल झाला. डच लोक अशा पुलाला ‘इकोडक्ट’ म्हणतात. २००६ मध्ये हिल्व्हरसम गावाजवळ त्यांनी आठशे मीटरहून लांब पूल बांधला. तो रस्त्यावरून, रेल्वेवरून आणि एका क्रीडासंकुलावरून जातो.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते कॅनडाच्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाने. तिथून ट्रान्स-कॅनडा महामार्ग जातो. एल्क जातीची मोठी हरणं इतकी मरायची की लोक त्या रस्त्याला ‘मीटमेकर’, मांस बनवणारं यंत्र, म्हणायला लागले. १९८० च्या दशकात रस्ता चौपदरी करताना दोन्ही बाजूंना २.४ मीटर उंचीचं कुंपण घातलं आणि खालून वाटा ठेवल्या. १९९० च्या दशकात वरून जाणारे, झाडं लावलेले पूल आले. आज तिथे ४४ वाटा आहेत: ३८ खालून, ६ वरून. वाहनांशी होणाऱ्या टकरा ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. एल्क आणि हरणांपुरतं बोलायचं तर ९६ टक्के.

बॅन्फमध्ये १९९६ पासून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. आधी वाळू पसरून ठसे मोजले, नंतर कॅमेरे लावले. त्यातून तीन गोष्टी कळल्या.

पहिली, नुसता पूल चालत नाही, सोबत कुंपण लागतं. जनावर पूल शोधत येत नाही. कुंपणाच्या कडेने चालत जातं आणि मोकळी जागा सापडली की वळतं.

दुसरी, सगळ्यांची आवड सारखी नसते. ग्रिझली अस्वलं, लांडगे आणि एल्क यांना रुंद, उघडी जागा लागते. काळी अस्वलं आणि कूगर नावाचं मोठं मांजर यांना अरुंद, झाकलेली वाट चालते. एकाच मापाचा बोगदा सगळ्यांना चालेल असं नाही. माकडांना तर जमिनीवरची वाटच नको असते. म्हणूनच तमिळनाडूतल्या वालपराईच्या चहामळ्यांत सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून, झाडापासून झाडापर्यंत झुलते पूल बांधले गेले.

तिसरी गोष्ट सरकारी अहवालांना सगळ्यात जड जाणारी: वेळ लागतो. काही जनावरांना नव्या वाटेवर विश्वास बसायला वर्षं गेली. ग्रिझलींनी चार-पाच वर्षं घेतली. पहिल्या दोन वर्षांतच कुणी हिशोब मांडला असता तर पूल वाया गेला असं म्हणून मोकळा झाला असता. पुढे काटेरी तारेला अडकलेल्या केसांच्या डीएनएवरून हेही दिसलं की वाटा वापरणाऱ्या अस्वलांना पुढे पिल्लंही झाली. पुलांचा खरा उपयोग तो होता. दोन बाजूंची अस्वलं एकच कुटुंब राहिली.

भांडण

आता परत सिवनी-नागपूर रस्त्यावर येऊ.

२००८ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या सेंट्रल एम्पॉवर्ड कमिटीकडे गेली. जंगलातून चौपदरी रस्ता नको, छिंदवाड्यावरून पर्यायी मार्ग काढा, अशी बाजू पुढे आली. महामार्ग प्राधिकरणाचं म्हणणं सरळ होतं: रस्ता आधीपासून आहे, देशाच्या मुख्य मार्गिकेचा भाग आहे, वळसा लांबचा आहे. दोन्ही बाजूंचं काम होऊन आलं आणि मधला जंगलाचा तुकडा अडकला.

अडकला म्हणजे काय झालं, तेही सांगायला हवं. वाद चालू असलेल्या रस्त्याची नीट दुरुस्ती होत नाही. खड्डे पडले. चौपदरी रस्त्यावरून सुसाट आलेले ट्रक अचानक अरुंद, फुटक्या रस्त्यावर यायचे. कुरई घाटात वाहतूक तासन् तास तुंबायची. देवलापारच्या आसपासच्या गोंड वस्त्यांना दवाखान्यासाठी, बाजारासाठी हाच रस्ता. त्यांच्यासाठी ‘वाघ विरुद्ध विकास’ हा चर्चेचा विषय नव्हता. रुग्ण घेऊन निघालेली जीप कधी पोचणार, एवढाच प्रश्न होता. रस्त्याची ही अवस्था पाहून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि काम मार्गी लावण्यासाठी तगादा लावला. दुसरीकडे २०१५ मध्ये झाडं तोडायची वेळ आली तेव्हा पर्यावरणवादी संस्था हरित न्यायाधिकरणात गेल्या. एका न्यायपीठापुढे ‘रस्ता लवकर करा’, दुसऱ्यापुढे ‘झाडं तोडू नका’.

या ओढाताणीत खलनायक शोधायचा मोह होतो. मला तो सापडत नाही. खड्ड्यात आपटून मेलेला दुचाकीस्वार खरा होता आणि ट्रकखाली आलेलं चितळही खरं होतं.

वाट निघाली ती भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासातून. रस्त्याच्या कडेने चालत ठसे, विष्ठा, कॅमेरे यांच्या मदतीने जनावरं नेमकी कुठे ओलांडतात ते पाहिलं गेलं. मग तिथे रस्ता खांबांवर उचलायचा प्रस्ताव आला. यानंतरची घासाघीस मीटरांची होती. पूल जितका लांब तितका खर्च मोठा. बांधणाऱ्यांना तो आखूड हवा होता, जंगलवाल्यांना लांब. पन्नास मीटर पुरतील का? शंभर? वाघ एका वेळी एकटा जातो, पण तीस चितळांचा कळप घाबरत-घाबरत अंधाऱ्या, अरुंद बोगद्यात शिरेल का? आणि चितळ न शिरलं तर वाघ तरी कशाला शिरेल?

शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ बांधकामं झाली: प्राण्यांसाठीचे पाच भुयारी मार्ग आणि नाल्यांवरचे चार छोटे पूल, जनावरांनाही जाता येईल असे ऐसपैस. सर्वांत लहान ५० मीटर, सर्वांत मोठा ७५० मीटर. देशात महामार्गाच्या खालून वन्यप्राण्यांसाठी एवढ्या प्रमाणावर केलेलं हे पहिलंच काम होतं. २०१६ मध्ये वन्यजीव संस्थेने रस्ते, रेल्वे, विजेच्या तारा यांनी वन्यजीवांचं होणारं नुकसान कसं कमी करायचं याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. एका रस्त्याच्या भांडणातलं शहाणपण पुढच्या रस्त्यांसाठी कागदावर आलं.

इथेच मला या सगळ्याचा मुद्दा दिसतो. ही पाऊण किलोमीटरची मोकळी जागा मूळ आराखड्यात नव्हती. ती रस्ता अडवल्यामुळे आली. ज्या काळाला आपण ‘रखडपट्टी’ म्हणून शिव्या दिल्या, त्या काळातच कुणीतरी ठसे मोजत होतं. रखडपट्टीची किंमत माणसांनी मोजली हे खरं आहे. म्हणून पुढच्या वेळी हे मोजमाप रस्ता आखायच्या आधी व्हावं, म्हणजे किंमत कुणालाच मोजावी लागणार नाही.

फोटोत न दिसणारं

पुलांखालच्या फोटोंत चितळ आणि रानडुक्कर सर्वांत जास्त होते. शिवाय वाघ, बिबटे, रानकुत्री, सांबर, नीलगायी, गवे, अस्वलं. खालच्या पायवाटेवर जनावरं आपापल्या वेळा शोधून घेतात, बहुतेक रात्रीच्या. दिवसा गावकरी आणि त्यांची गुरंही त्याच सावलीतून जातात.

पण कॅमेरा एक गोष्ट टिपू शकत नाही: जे आलंच नाही. पुलापासून दोनशे मीटरवर आवाज ऐकून परत फिरलेल्या अस्वलाचा फोटो कुठेच नसतो. म्हणून मध्य प्रदेशच्या बाजूला कुरईकडच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेला आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंतीही उभ्या केल्या. रात्री ट्रकचे दिवे जंगलात शिरू नयेत, हॉर्न खालच्या वाटेवर कोसळू नये, हा त्यांचा उद्देश.

जिथे असं काही नव्हतं तिथलंही एक उदाहरण नागपूरच्याच शेजारचं आहे. बोर व्याघ्र प्रकल्पातला ‘बाजीराव’ नावाचा नर वाघ पर्यटकांचा लाडका होता. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत तो मेला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे मेले. रूळ असो की डांबर, जनावराला त्यातला फरक कळत नाही.

सगळीकडे पूल हेच उत्तर असतं असंही नाही. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणारे महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद ठेवले जातात. मार्च २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली. खर्च जवळपास काहीच नाही. बैलगाडीच्या काळातला जुना करारच तो, सूर्य मावळला की रस्ता जंगलाचा. पण केरळच्या वायनाडमधल्या लोकांना तो करार जाचक वाटतो आणि वाद अजून मिटलेला नाही. पूल महाग असतो, पण त्यात कुणालाच थांबावं लागत नाही. म्हणून राजकारणात तो सोपा जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरमध्ये वन्यप्राण्यांसाठी वरून आणि खालून वाटा ठेवल्या गेल्या, तेव्हा ‘कशाला’ हा प्रश्न विचारणारे पूर्वीपेक्षा कमी होते. त्यात पेंचच्या अनुभवाचा वाटा आहे.

दोन टोकं

पुलाला दोन टोकं असतात आणि दोन्हींकडे काहीतरी असावं लागतं.

रस्ता चांगला झाला की त्याच्या काठची जमीन महागते. ढाबा येतो, पेट्रोल पंप येतो, मग ‘जंगलाच्या कुशीत’ अशी पाटी लावलेलं रिसॉर्ट आणि फार्महाऊसचे प्लॉट येतात. यात बेकायदा काही असेलच असं नाही. शेतकऱ्याला जमिनीचा चांगला भाव मिळत असेल तर त्याने का विकू नये? पण पुलाखालून बाहेर पडलेल्या वाघासमोर तारेचं कुंपण आणि हॅलोजनचा दिवा आला तर वरचा सिमेंटचा पूल कितीही लांब असून उपयोग नाही. खांब शंभर वर्षं टिकतील. त्यांच्या दोन्ही बाजूंचं रान तेवढं टिकेल याची हमी कुठल्याही कंत्राटात लिहिलेली नसते.

बॅन्फ हे राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. तिथे पुलाच्या दोन्ही टोकांना जंगलच राहणार. आपल्याकडे पेंच आणि कान्ह्याच्या मधलं जंगल लोकांचं आहे: मोहफुलं वेचणाऱ्यांचं, गुरं चारणाऱ्यांचं, धान पिकवणाऱ्यांचं. वाघाची वाट त्यांच्या बांधावरून जाते. गाय मारली गेली तर भरपाई वेळेवर मिळते का, रानडुकरांनी शेत उकरलं तर कुणी विचारतं का, यावर ती वाट उघडी राहणार की बंद होणार हे ठरणार आहे. पुलाचा पुढचा खर्च हा आहे, आणि तो दर वर्षी करावा लागणार आहे.

पुढच्या वेळी त्या रस्त्याने गेलात तर रात्री गाडी तिथे थांबवू नका, खाली उतरून बघू नका, हॉर्न वाजवू नका. आवाज न करता निघून जाणं, एवढंच आपल्याकडून अपेक्षित आहे. पण पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे, कठड्याबाहेर काय आहे ते मात्र बघा. झाडं असतील तर ठीक चाललंय. एखाद्या प्लॉटिंगचा नवा फलक दिसला, तर त्याच्यामागून कुठली वाट जात होती, हे आठवून ठेवा.